बासष्ट हूक आणि एक चीर

मित्रांनो, काल दुपारी शिपायाने माझ्यासमोरच्या स्टुलावर पुट्टीचा एक डबा आणून ठेवला. डब्याला चिठ्ठी चिकटवलेली होती: 'फलकावरची चीर बुजवावी. उद्या दहाच्या आत.' खाली अध्यक्षांची सही.

ती चिठ्ठी वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाकडाला राग येत नाही असे तुम्हाला कुणी सांगितले असेल, तर त्याने लाकूड कधी जवळून पाहिलेले नाही.

तो फलक म्हणजे मी. फुटबॉल महासंघाच्या कचेरीतल्या लांब खोलीत, खिडक्यांसमोरच्या भिंतीवर मी चव्वेचाळीस वर्षे टांगलेला आहे. चीर माझ्या पोटावर आहे, वरपासून खालपर्यंत, पट्टी लावून ओढावी तशी सरळ. पट्टी लावूनच ओढलेली आहे ती. कशी, ते सांगतो. पुट्टी एकदा वाळली की माणसे सगळे विसरून जातात, म्हणून नीट ऐकून घ्या.

मला एका रंगाऱ्याने घडवले. जुन्या मैदानाची लाकडी गॅलरी मोडत होते, तिच्या फळ्या तो हातगाडीवर घालून घेऊन आला. सुताराने रंधा काढला तेव्हा रंगारी म्हणाला, "फार नको मारू. तीस वर्षं लोकांनी बुडांनीच गुळगुळीत केल्यात या." माझ्यावर हिरवा रंग चढला, पांढऱ्या रेघा आल्या आणि पितळेचे हूक बसले. माणसाला दात बत्तीस, मला हूक बासष्ट. प्रत्येक हुकाला एका संघाची लाकडी पाटी.

आता हे बासष्ट कसे, ते नीट समजून घ्या, कारण सगळे भांडण तिथूनच सुरू होते.

देशात फुटबॉलचे संघ शेकडो. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे म्हटले तर जन्म प्रवासातच जाईल. म्हणून मोठ्या माणसांनी एक शिडी केली. सगळ्यात वरच्या पायरीवर राष्ट्रीय साखळी. तिच्यात चौदा संघ, म्हणून माझ्या वरच्या ओळीत चौदा हूक. तिच्याखाली देशाचे चार विभाग: उगवती, मावळती, वरचा आणि खालचा. प्रत्येक विभागाची वेगळी साखळी, प्रत्येकीत बारा संघ. चार बारे अठ्ठेचाळीस, आणि चौदा. झाले बासष्ट? त्याच्याही खाली जिल्ह्यांच्या साखळ्या, त्यांच्याही पायऱ्या तीन. ते संघ इतके की माझ्या अंगावर मावत नाहीत, त्यांची नावे जाड वहीत असतात.

साखळीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्याच्या. जिंकला तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. हंगाम संपला की शिडी हलते. राष्ट्रीय साखळीतले शेवटचे दोघे खाली, आपापल्या विभागात येतात. चार विभागांचे चार विजेते आपसात खेळतात आणि त्यांतले दोघे वर जातात. विभागातला शेवटचा जिल्ह्यात उतरतो, त्याच्या जागी जिल्ह्यातला पहिला चढतो. म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या संघालाही वाट मोकळी असते. मला विचाराल तर माणसाने केलेल्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक आहे.

आणि विभाग कशासाठी? रंगाऱ्याने मला रंगवता रंगवता आपल्या लहान मुलीला सांगितले होते, तेच तुम्हाला सांगतो. "हे खेळाडू काय राजे आहेत का? कुणी फिटर, कुणी टपालवाला. शनिवारी घरून निघालेला माणूस शनिवारीच घरी जेवला पाहिजे. म्हणून जवळच्यांनी जवळच्यांशी खेळायचं."

ती मुलगी पुढे याच कचेरीत लागली. सगळे तिला ताई म्हणतात. एका बापाच्या हातून घडलेलो म्हणून ती माझीही ताईच.

मित्रांनो, फलक झाल्यापासून मी एकही सामना पाहिलेला नाही. माझ्यासाठी फुटबॉल म्हणजे टेलिफोन. दर शनिवारी संध्याकाळी पाचनंतर तो वाजू लागतो. ताई चिठ्ठीवर निकाल लिहिते, गुणांची बेरीज करते, स्टुलावर चढते आणि पाट्या वर-खाली करते. कुणी जिंकले हे मला तिच्या बोटांवरून कळते. आवडता संघ हरला की ती पाटी जरा आदळून लावते.

रंगाऱ्याने एक रीत घालून दिली होती. त्याच विभागात पाटी वर-खाली करायची तर ती फलक सांभाळणाऱ्याने, म्हणजे आता ताईने, करावी. पण पाटी एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाणार असेल, वर किंवा खाली, तर त्या संघाच्या कप्तानाने स्वतः येऊन आपल्या हाताने ती काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. महासंघाच्या नियमांतही ती रीत एकतिसावे कलम म्हणून लिहिली गेली. किती कप्तान इथे हसत आले आणि किती जण भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत उभे राहिले, ते फक्त मला माहीत आहे.

एक मात्र कधीच आला नव्हता. कागद गिरणी संघाचा कप्तान. गिरणीच्या बॉयलरवर काम करायचा आणि संघाचा गोलरक्षक होता, म्हणून त्याला सगळे बॉयलरवाला म्हणत. त्याची पाटी मावळती विभागात पंधरा वर्षे होती. कधी पाचवी, कधी सातवी. वर चढली नाही, खालीही उतरली नाही. शनिवारी तो स्वतः फोन करायचा.

"ताई, यंदा येणार हं मी पाटी उचलायला."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात."

"गेल्या वर्षी गुडघा म्हणाला नको. यंदा गुडघ्याला विचारलंच नाही!"

आता ते वर्ष ऐका.

त्या हंगामात राष्ट्रीय साखळीतून दोन संघ खाली उतरले, एक मावळतीचा आणि एक वरच्या विभागाचा. वर चढले त्यांत एक उगवतीचा होता आणि एक वरच्या विभागाचा. मोजा बरे. वरच्या विभागात एक आला, एक गेला, हिशेब जुळला. पण मावळतीत झाले तेरा आणि उगवतीत उरले अकरा. तेरावी पाटी टांगायला हूक नव्हता. ताईने एक खिळा ठोकला आणि ती त्याला लटकवली.

महासंघाच्या सचिवांना तो खिळा डोळ्यात खुपला. त्यांच्या वरच्या खिशात कायम एक स्टीलची पट्टी असायची. टेबलावरचे कागदही ते पट्टीने सरळ करत. कचेरीत त्यांच्या माघारी त्यांना पट्टीसाहेब म्हणत.

"हे काय ध्यान दिसतंय? बाराच्या बारा असले पाहिजेत," ते म्हणाले. "तेरा संघ म्हणजे दर शनिवारी एक संघ रिकामा बसणार. वेळापत्रक वाकडं होतं."

"होऊ दे की साहेब. एक हूक वाढवू. संघाला एक सुटी मिळेल, घरचे दुवा देतील."

"ताई, भावनेनं कचेरी चालत नाही."

मग समितीची बैठक झाली. देशाचा नकाशा एवढा मोठा की टेबल पुरेना. तेव्हा, मित्रांनो, माझ्या सगळ्या पाट्या उतरवून मला भिंतीवरून काढले, टेबलावर आडवे टाकले आणि माझ्या अंगावर तो नकाशा पसरला. मावळती आणि उगवती यांच्यामध्ये एक नदी आहे. नदीच्या मावळतीकडच्या काठावर, अगदी पाण्याला लागून, कागद गिरणी. समोरच्या काठावर उगवती विभाग, आणि त्यातच ही कचेरी. नकाशावर अंतर दोन बोटे.

"हेच सगळ्यात जवळचे, यांना उगवतीत टाका," साहेब म्हणाले. "हे बघा, ठिपके. फेरीबोट आहे."

फेरीबोट होती, पण ती बंद पडून अकरा वर्षे झाली होती! नकाशा जुना होता. ताई चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "साहेब, ती बोट आता नाही. रस्त्यानं वरच्या पुलापर्यंत जाऊन उलटं यावं लागतं."

"नकाशा खोटा आणि तुम्ही खऱ्या?"

समितीतले सगळे हसले. साहेबांनी स्टीलची पट्टी ठेवली, कागद कापायचे पाते घेतले आणि जुनी सीमा सोडून नव्या सीमेवर नकाशा सरळ कापला. जोर इतका की पाते कागदातून माझ्या अंगात उतरले. कर्रर्र. एका दमात, पोटावरून खालपर्यंत. कुणी पाहिलेही नाही. नकाशाचे दोन तुकडे सरळ आले, यातच सगळे खूश.

मला दुखले म्हणून मी चिडलो नाही. गॅलरीच्या फळ्या आम्ही, खिळेवाले बूट सोसलेले. मी चिडलो तो यासाठी की माझ्या अंगावर नकाशा पसरून, माझ्याच हुकांची संख्या जुळवायला, एका संघाला त्याच्या शेजाऱ्यांपासून तोडले. एक हूक! एक हूक वाढवला असता तर मला काय भार झाला असता?

हंगाम सुरू झाला. आधी कागद गिरणीवाल्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास दोन तासांचा होता. आता दर दुसऱ्या शनिवारी वरच्या पुलापर्यंत जायचे, पूल ओलांडायचा, मग तेवढेच खाली यायचे. साडेपाच तास जायला, साडेपाच यायला, गिरणीच्या ट्रकमध्ये कागदाच्या रिळांना टेकून. शुक्रवारी ज्यांची रात्रपाळी असे, ते न झोपताच ट्रकमध्ये चढत. शनिवारी पहाटे निघालेली माणसे घरी पोचेपर्यंत घरचे जेवून झोपलेले असत. कुणाची बायको चिडली, कुणाच्या मुकादमाने दम भरला.

नियम असा की ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत संघ मैदानावर नसेल, तर समोरचा तीन–शून्यने जिंकला. आणि एका हंगामात असे तीनदा झाले तर संघाचे नाव खोडायचे, जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पाठवायचे. हा नियम आळशांसाठी केलेला होता. पण नियमाला डोळे नसतात, ते वापरणाऱ्याला असावे लागतात.

पहिल्यांदा पुलावर वाहने अडकली. तीन–शून्य. दुसऱ्यांदा घाटात धुके होते. तीन–शून्य. दोन्ही वेळा ट्रक पोचला तेव्हा समोरचा संघ अंघोळ करून घरी गेला होता.

बॉयलरवाल्याने पत्रे पाठवली. एक, दोन, तीन, चार. ताई प्रत्येक पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवायची. साहेब ते पट्टीने सरळ करायचे आणि फाइलमध्ये घालायचे. एकदा ताई म्हणाली, "साहेब, निदान वेळ तरी दुपारी चारची द्या त्यांना."

"एकाला दिली की सगळे मागतील."

"कोण मागेल? साडेपाच तासांचा प्रवास दुसरा कोण करतोय?"

"ताई, चहा आणा."

तिने चहा आणला. साखर टाकली नाही. एवढेच तिच्या हातात होते.

मग तो शनिवार आला. सामना ट्राम डेपोच्या मैदानावर, दुपारी दोनला. आणखी एकदा उशीर झाला असता तर पंधरा वर्षांची पाटी उतरणार होती. आदल्या दिवशी बॉयलरवाल्याचा फोन आला.

"ताई, फुटबॉल सुरू करायला माणसं किती लागतात?"

"अकरा."

"खेळायला अकरा. सुरू करायला सात. पंचांना विचारून घेतलंय मी. सातापेक्षा कमी असले तर सामना नाही. सात असले तर शिटी वाजते."

"मग?"

"मग दोन वाटांनी येतो. बाकीचे ट्रकनं, पहाटे पाचला. आम्ही सात जण नदीतनं, कोळ्यांच्या दोन होड्यांतनं. धार वाईट आहे, पण रस्त्याइतकी वाईट नाही. एक वाट बुडाली तर दुसरी आहे."

"असं अभद्र बोलू नका हो!"

"पोहता येतं मला. गुडघ्याला येत नाही, पण तो बरोबर येईलच की."

शनिवारी दुपारी ताईने जेवणाचा डबा उघडला नाही. दोन वाजले. सव्वादोन झाले. ती माझ्यासमोर उभी होती आणि कागद गिरणीच्या पाटीला तिने हात लावून ठेवला होता. 

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडचा आवाज एवढा मोठा की मला भिंतीवर ऐकू आला.

"हरलो! ताई, हरलो आम्ही! चार–एकने हरलो!"

ताई रडू लागली आणि हसूही लागली. शिपाई धावत आला. "काय झालं, कुणी गेलं काय?"

"हरले रे! खेळून हरले!"

दोन वाजून तेरा मिनिटांनी ते सात जण चिखलाने भरलेले, बूट गळ्यात टाकून मैदानात पोचले होते. ट्रकचे चाक फुटले होते, ट्रक मध्यंतरानंतर आला. तोवर सात जणांनी अकरांना अडवले. बॉयलरवाल्याने किती चेंडू अडवले ते ट्राम डेपोवाले मोजता मोजता थकले. आपला एक गोल झाला तेव्हा ट्राम डेपोच्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या म्हणे.

पण मित्रांनो, एक चूक झाली होती. जर्सी होडीत भिजतील म्हणून त्यांनी सगळ्या जर्सी ट्रकमध्ये ठेवल्या होत्या. हे सात जण पोचले ते सात रंगांच्या बनियनांत. ट्राम डेपोवाल्यांनी मोठ्या मनाने आपल्या सरावाच्या जुन्या जर्सी दिल्या. पंचांनी शिटी वाजवली. अहवालात मात्र त्यांनी खरे तेच लिहिले.

सोमवारी साहेबांनी अहवाल वाचला. पट्टी काढून ओळीखाली धरली, पुन्हा वाचले.

"समोरच्या संघाच्या जर्सी घालून जे खेळले, तो संघ नव्हेच. कलम एकोणीस. म्हणजे संघ हजर नव्हता. तिसरी गैरहजेरी. ताई, पाटी उतरवा."

ताई स्टुलाकडे गेली, आणि थांबली. "मला नाही उतरवता येत, साहेब."

"का?"

"कलम एकतीस. पायरी बदलताना पाटी फक्त कप्तान काढतो. तुम्हाला कलमं आवडतात ना? मग बोलवा कप्तानाला. आणि समितीसमोर बोलवा."

साहेबांचे तोंड एरंडेल प्यायल्यासारखे झाले. पण कलम ते कलम. पत्र गेले: गुरुवारी सकाळी दहाला हजर राहावे.

गुरुवारी दहाला समितीचे सात जण खुर्च्यांवर बसले. भिंतीवर आता सांधलेला मोठा नकाशा लावलेला होता. अकरा वाजले. बारा वाजले. चहा झाला, दुसरा चहा झाला. एक जण घोरू लागला. साहेब दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. पावणेतीनला दार उघडले. बॉयलरवाला आत आला. पहाटे पाळी संपवून, बसगाड्या बदलत आला होता. अंगावर कामाचा शर्ट, पायांत खेळाचे बूट, गुडघ्याला फडके बांधलेले.

"दहाची वेळ दिली होती!" साहेब कडाडले. "सात माणसं पाच तास खोळंबली!"

"माफ करा साहेब," तो शांतपणे म्हणाला. "पंधरा मिनिटांत आलो नाही, म्हणजे तुम्ही तीन–शून्यने जिंकलात. पण साहेब, तुमचे पाच तास आज एकदाच गेले. आमचे दर दुसऱ्या शनिवारी जातात."

 तो घोरणाराही जागा झाला.

बॉयलरवाला खाली बसला. त्याने उजव्या बुटाची लेस सोडली, पूर्ण काढली. मग नकाशाजवळ गेला. "ताई, टाचणी आहे?" ताईने टाचण्यांची डबीच पुढे केली. लेसचे एक टोक त्याने कागद गिरणीवर टोचले आणि रस्त्याच्या प्रत्येक वळणावर टाचणी लावत लेस नेली. वरच्या पुलापर्यंत जायच्या आधीच लेस संपली. त्याने डाव्या बुटाची लेस काढली, पहिलीला गाठ मारली आणि पूल ओलांडून, खाली वळून, ट्राम डेपोपर्यंत आणली. मग टाचण्या काढल्या आणि दोन्ही लेसा सरळ करून साहेबांच्या टेबलावर धरल्या. टेबल संपले, लेस खाली लोंबत राहिली.

"आता तुमची पट्टी ठेवा याच्याशेजारी," तो म्हणाला.

साहेबांनी पट्टी काढली नाही. समितीतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे, हे आधी का नाही कळवलंत?"

ताईने फाइल उघडली आणि चार पत्रे एकापुढे एक मांडली. तारखांसकट.

मला वाटले, आता तरी. मी लाकूड असूनही श्वास रोखला होता. समितीने आत जाऊन कुजबुज केली आणि बाहेर येऊन निर्णय सांगितला: सीमा चुकली आहे, पुढच्या हंगामापासून दुरुस्त करू. पण झालेली नोंद झाली, पाटी उतरेल.

ऐकलेत? चूक आमची, हे मान्य. शिक्षा मात्र तुम्हाला. मित्रांनो, चूक करणाऱ्याचा मला एवढा राग येत नाही. माणूस आहे, चुकतो. पण चूक कळल्यावरही जो आपला कागद वाचवतो आणि माणूस बुडवतो, त्याला मी आजही क्षमा केलेली नाही.

बॉयलरवाला भांडला नाही. माझ्यापुढे आला. पंधरा वर्षे ज्या पाटीला हात लावायला तो आसुसला होता, ती त्याने हुकावरून काढली. पाटी वर न्यायला यायचे होते त्याला. शर्टाच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसली आणि ती छातीशी धरली.

"लेसा राहू दे इथंच, ताई. परत येईन तेव्हा घालीन."

आणि लेस नसलेले बूट फटक फटक वाजवत तो जिना उतरला. तो आवाज खालच्या दारापर्यंत ऐकू येत होता.  दोन्ही लेसा ताईने माझ्या त्या रिकाम्या हुकाला बांधून ठेवल्या. पुढे त्या हुकावर दुसऱ्या संघाची पाटी आली, तिच्यामागे लेसा तशाच राहिल्या.

यानंतरची नऊ वर्षे मी जाड वहीकडे कान लावून काढली. कागद गिरणी संघ आपल्याच काठावर, जिल्ह्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर खेळत होता. तिथून चढायला तीन वर्षे लागली. पुढची पायरी चढायला आणखी चार. बॉयलरवाल्याचा गुडघा संपला, तो शिकवू लागला. त्याचा भाचा कप्तान झाला. आणि इकडे, सांगायलाही लाज वाटते, पट्टीसाहेब अध्यक्ष झाले. माझ्यावरचा रंग उडाला, खिडक्यांच्या काचा खिळखिळ्या झाल्या, माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

मग गेल्या शनिवारी फोन वाजला आणि ताई स्टुलावरून पडता पडता वाचली. कागद गिरणी जिल्ह्यात पहिली. मावळती विभागात परत!

कचेरीत एकदम उत्साह आला. फोटोवाले येणार, अध्यक्ष भाषण करणार, आणि म्हणून काल तो पुट्टीचा डबा आला. नऊ वर्षे माझी चीर कुणाला दिसली नाही. फोटो निघणार म्हटल्यावर लगेच दिसली.

आज सकाळी पावणेदहाला दार उघडले. भाचा आत आला, हातात तीच पाटी, नव्याने रंगवलेली. मागून काठी टेकत बॉयलरवाला. केस पांढरे झालेले. "ताई, पंधरा मिनिटं आधी आलोय," तो म्हणाला. "लिहून घ्या. काल संध्याकाळीच निघालो होतो."

समोर आज बोलावलेला एक नवा रंगारी पुट्टी कालवत उभा होता. बॉयलरवाल्याने विचारले, "हे कशाला?" ताईने त्याचे बोट धरले आणि माझ्या चिरेवर ठेवले. त्याने नखाने ती वरपासून खालपर्यंत चाचपली. त्याला सांगावे लागले नाही.

"ही भरू नका," तो म्हणाला.

अध्यक्ष पुढे आले. "अहो, फोटोत वाईट दिसेल. जुनं झालं ते, जाऊ द्या."

"तुमचं जुनं झालं, साहेब. याचं बालपण गेलं त्यात," त्याने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दहा वर्षांचा होता हा, त्या ट्रकमध्ये माझ्या मांडीवर झोपायचा. राहू द्या ती चीर. पुढं कुणी इथं नकाशा पसरून पट्टी ठेवली, तर त्याचं पातं एकदा तरी अडखळू दे."

अध्यक्षांनी ताईकडे पाहिले. येत्या महिन्यात निवृत्त होणाऱ्या माणसाकडे असे पाहून काही उपयोग नसतो. ताईने पुट्टीचा डबा उचलला आणि रंगाऱ्याच्या हातात दिला. "त्या खिडक्या बघा. काचा वाऱ्यानं वाजतात. तिथं लावा ही."

मग तिने हुकामागून दोन काळ्या पडलेल्या लेसा सोडवल्या आणि बॉयलरवाल्याला दिल्या. तो खाली बसला. वाकता येईना, तेव्हा भाच्याने मामाच्या बुटांत त्या ओवल्या आणि गाठ मारली. त्यानंतर पाटी माझ्या हुकावर चढली. बाराव्या जागी, सगळ्यात खाली. पण माझ्या अंगावर.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही हातात पट्टी येईल. कुणी शाळांच्या सीमा आखाल, कुणी गावांच्या, कुणी आणखी कशाच्या. माझ्या लाकडाला रंग द्या, हूक घासून लखलखीत करा, मला आवडेल. पण रेघ मारायच्या आधी एक दिवस त्या रस्त्याने स्वतः जाऊन या. शनिवारी घरून निघालात तर शनिवारीच घरी जेवायला परत येता का, ते बघा. नाही आलात, तर आधी पट्टी खिशात घाला आणि भिंतीवर एक हूक वाढवा.